डायलिसिसच्या वहीत पोटरीचा घेरही लिहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी सेलू तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. दर महिन्याला लेकरांची वजनं घेते, दंडाला पट्टी लावते. दंड ११.५ सेंटिमीटरच्या आत भरला की लेकरू तीव्र कुपोषित, हे आम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण माझ्याच घरात एक माणूस दोन वर्षं वाळत होता, ते मला कळलं नाही.

माझे मालक आठवड्यातून दोनदा परभणीला डायलिसिसला जातात. दर खेपेला वजन लिहितात, पण ते किती पाणी काढायचं त्याच्या हिशेबासाठी. वजन फारसं उतरत नव्हतं म्हणून आम्ही निर्धास्त होतो. खरं तर अंगात पाणी साठत होतं आणि मांस झडत होतं. काट्याला दोन्ही सारखंच.

कळलं ते स्टेशनच्या पुलावर. आधी ते जिना थांबत थांबत चढायचे, मग कठडा धरून. एक दिवस पहिल्याच पायरीवर बसले. दवाखान्यात विचारलं तर, "किडनीचा पेशंट आहे, अशक्तपणा राहणारच, आराम करू द्या." मग मी पाण्याचा तांब्यासुद्धा बाजेवर नेऊन देऊ लागले. मायेनंच, पण त्यानं पाय आणखी गेले.

पुढे एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी डोळे उघडले. धडधाकट म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं तर पायांचं जवळपास किलोभर मांस गेलं, असं २००७ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलंय म्हणे. मग ज्याच्या रक्तात आम्ल साठतं, ज्याला जेवण जात नाही, त्याचं काय होत असेल? ताईंनी हात छातीशी घ्यायला लावून पाच वेळा खुर्चीतून उठा म्हटलं. हे बारा सेकंदांच्या आत व्हायला हवं. मालक दुसऱ्या वेळेलाच मागे कलंडले.

डॉक्टरांना विचारून आम्ही सुरुवात केली. जुन्या साडीच्या पिशव्या शिवल्या, अर्धा अर्धा किलो रेती भरली, त्या घोट्याला बांधायच्या आणि बाजेवर बसून पाय सरळ करायचा. दहा वेळा, थोडा दम, पुन्हा दहा. चौकट धरून टाचा उचलायच्या. फिस्टुलाच्या हातावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ज्या हाताची शीर ऑपरेशन करून धमनीला जोडलेली असते त्यावर, मात्र विचारल्याशिवाय वजन नाही. डायलिसिसमध्ये प्रथिनंही वाहून जातात, म्हणून रोज अंड्यातलं पांढरं. आता पिशवी एक किलोची झाली आहे. पाच उठ-बशा एकोणीस सेकंदांत होतात, आणि पुलावर ते एकदाच थांबतात.

डायलिसिसचे चार तास माणूस छताकडे बघत पडून असतो. पहिल्या दोन तासांत, बीपी स्थिर असताना, पडल्या पडल्या पायानं पेडल मारता येतं. परदेशात कित्येक केंद्रांवर ते करून घेतात. महात्मा फुले योजनेतून सरकार डायलिसिसचा खर्च उचलतं, तर प्रत्येक केंद्रावर पेडलची दोन यंत्रं ठेवावीत आणि आठवड्यातून एकदा तरी फिजिओथेरपिस्ट पाठवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. व्यायाम गोळीसारखा लिहून द्यावा, किती आणि कधी ते सांगून.

वहीत वजनाशेजारी पोटरीचा घेरही लिहावा, डायलिसिस झाल्यावर, सूज नसताना. पुरुषाचा ३४ सेंटिमीटरच्या आत आला की मांस झडतंय का, याची पुढची तपासणी करावी. आमच्या वहीत तो रकाना मीच आखला आहे. उन्हाळ्यात साडेएकोणतीस होता, परवा तीस भरला.

आपली विश्वासू,
एक अंगणवाडी सेविका, ता. सेलू, जि. परभणी