हे नाही चालत ना काकाजी: दहाच्या नाण्याबद्दल अर्थमंत्र्यांना पत्र

मा. अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे. तुमच्या कार्यालयात कुणीतरी वाचून सांगेलच. नाहीतरी नोट उलटी करून मागची भाषापट्टी पाहिली, तर पंधरा भाषांमध्ये वरून आठवी ओळ आमचीच आहे.

गेल्या बुधवारी नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजारात मेथीची जुडी घेतली. दहा रुपये. मी दहाचं नाणं पुढं केलं. भाजीवाल्या बाईनं त्याला हातसुद्धा लावला नाही.

"हे नाही चालत ना काकाजी."

"काहून नाही चालत? सरकारचं आहे."

"सरकारचं असन. आडत्या घेत नाही, ऑटोवाला घेत नाही. मी घेऊन का करू?"

मग मी पाकीट उलटंपालटं करून दहाची नोट काढली. मधोमध फाटलेली, टेपनं जोडलेली, कोपऱ्यात कुणीतरी निळ्या पेननं हिशेब केलेली. ती तिनं काही न बोलता पोत्याखाली सरकवली.

मी चौतीस वर्षं बँकेत कॅशिअर होतो, २०१८ मध्ये निवृत्त झालो. त्यामुळे गप्प बसवेना. तिला सांगितलं की २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया आणि त्यावरचं कुठलंही नाणं हजार रुपयांपर्यंतच्या देण्याला चालतं. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगितलं होतं की दहाची नाणी चौदा नमुन्यांत आलेली आहेत आणि चौदाही खरी आहेत. लोक म्हणतात पंधरा रेघांचं, रुपयाचं चिन्ह नसलेलं खोटं आणि दहा रेघांचं खरं. अहो, रुपयाचं चिन्हच २०१० मध्ये ठरलं आणि नाण्यावर आलं २०११ मध्ये, मग त्याआधीच्या पंधरा रेघांच्या नाण्यावर ते कुठून असणार? सालाखाली चांदणी असली तर नाणं हैदराबादच्या टांकसाळीचं, चौकट असली तर मुंबईचं, ठिपका असला तर नोएडाचं, काहीच नसलं तर कोलकात्याचं. त्या चांदणीवरूनही लोक नाणं परत करतात.

बाईनं सगळं शांतपणे ऐकलं. मग माझ्या मागच्या माणसाला विचारलं, "तुमाले का देऊ?"

घरी येताना लक्षात आलं की तिचं बरोबर होतं. मी तिला कायदा सांगत होतो आणि ती मला पैसा म्हणजे काय ते सांगत होती. पुढचा घेतो तो पैसा. कळमन्याच्या ठोक बाजारातला आडत्या घेणार नसेल तर तुमच्या चार टांकसाळींनी मिळून शिक्का मारला तरी तिच्या हातात धातूची चकतीच उरते.

आता हे तुम्हालाच का लिहितोय? रिझर्व्ह बँक तर आमच्याच गावात आहे, संविधान चौकात. पण नाणी रिझर्व्ह बँकेची नसतात. ती फक्त वाटते. नाणी पाडतं भारत सरकार, आणि एक रुपयाची नोटही सरकारचीच. तिच्यावर गव्हर्नरची नाही, वित्त सचिवांची सही असते, आणि 'वचन देता हूँ' हे वाक्य तिच्यावर नसतं. बाकी सगळ्या नोटांवर असतं. नोकरीत नवीन असताना मी आमच्या हेड कॅशिअरना विचारलं होतं, हे वचन फेडतात कशात? एखादा शंभराची नोट घेऊन आला आणि म्हणाला, करा पुरं वचन, तर त्याला द्यायचं काय? ते हसले आणि म्हणाले, "चिल्लर." तेव्हा मला तो विनोद वाटला. पुढे रिझर्व्ह बँकेच्या कायद्याचं ३९ वं कलम वाचलं. नोटेच्या बदल्यात मागितल्यावर रुपयाची नाणी द्यायची, असंच त्यात आहे. सोनं नाही, चांदी नाही. पाचशेच्या नोटेवरचं ते भारदस्त वचन शेवटी तुमच्या नाण्यांत फिटतं.

आणि चिल्लर सक्करदऱ्यात चालत नाही.

तुम्ही म्हणाल, अफवा आहे, ओसरेल. तसं मलाही काही वर्षं वाटत होतं. पण ही अफवा हवेतून आली नाही. तिला जमीन आम्हीच करून दिली, आणि त्यात काउंटरच्या आत बसलेला मीही आलो.

२०१६ चं लक्ष्मीपूजन ३० ऑक्टोबरला होतं. नऊ दिवसांनी, ८ नोव्हेंबरच्या रात्री आठला, पाचशे आणि हजाराच्या नोटा मध्यरात्रीपासून बंद झाल्या. त्या आठवड्यात माझ्या काउंटरवर नोटा येत होत्या त्यांतल्या कितीतरी नोटांवर कुंकू होतं. चौरंगावर पुजलेल्या, हळद वाहिलेल्या, झेंडूची पाकळी चिकटलेल्या. नोटा मोजताना बोट ओलं करायचा आमचा तो स्पंज दुपारपर्यंत गुलाबी होऊन जायचा. इतर दिवाळ्यांनंतर या नोटा येतच नाहीत, त्या वर्षभर कपाटात राहतात. शकुनाचा पैसा कुणी मोडत नाही. रेशीमबागेकडची एक म्हातारी अशीच एक हजाराची नोट घेऊन आली. मी सवयीनं कुंकू पुसायला लागलो तर म्हणाली, "पुसू नको रे बाबू, मेली तरी लक्ष्मीच आहे." तिच्यामागे रांग ताटकळत होती, मी नोट तशीच खालच्या खणात टाकली आणि तिला शंभराच्या दहा दिल्या. काही दिवसांनी तर बदलायला येणाऱ्यांच्या बोटाला मतदानाची शाई लावायचा हुकूम आला.

धोरण बरं की वाईट हा वाद मी इथे घालत नाही. सुमारे १५.४ लाख कोटींच्या नोटा रद्द केल्या आणि त्यांतल्या ९९.३ टक्के परत आल्या, हे रिझर्व्ह बँकेच्याच अहवालात आहे. सर्वोच्च न्यायालयानं २ जानेवारी २०२३ ला चार विरुद्ध एक असा निकाल देऊन निर्णय वैध ठरवला. न्यायमूर्ती नागरत्ना यांचं मत वेगळं होतं: एवढी मोठी गोष्ट अधिसूचनेनं नव्हे, कायदा करून व्हायला हवी होती. १९७८ मध्ये हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा गेल्या तेव्हा अध्यादेशानंतर संसदेत कायदा झाला होता. अर्थात तेव्हा महालातल्या आमच्या वाड्यात हजाराची नोट कुणी पाहिलेलीही नव्हती, त्यामुळे ती मेल्याचं सुतक कुणाला लागलं नाही.

मला एवढंच दिसलं की चार तासांच्या मुदतीनं नोट मारता येते. सरकारचा तेवढा वचक आहे. पण दहाचं नाणं चालवायला तुम्हाला इतकी वर्षं पुरली नाहीत. त्या भाजीवाल्या बाईनं २०१६ मध्ये शिकलेला धडा असा की हातातलं सरकारी चलन रात्रीतून मरू शकतं. म्हणून ज्याच्याबद्दल कणभर शंका आहे ते ती रात्रीपुरतंसुद्धा घरी नेत नाही. मग दोन हजाराची नोट आली, तिच्यात चिप आहे म्हणून टीव्हीवरून गाजावाजा झाला, चिप काही निघाली नाही आणि १९ मे २०२३ ला ती नोटही मागे घ्यायचं जाहीर झालं. शंका फिटायला जागाच कुठे मिळाली?

राज्यकर्त्यांना हे कोडं नवं नाही. शिवाजी महाराजांनी तांब्याची शिवराई पाडली, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. त्या दोन ओळी म्हणजे आम्ही कुणाचे मांडलिक नाही याचा जाहीरनामा होता. पुढे मात्र मराठ्यांच्या टांकसाळींत, आमच्या नागपूरकर भोसल्यांच्यासुद्धा, रुपयावर नाव पडत राहिलं दिल्लीच्या बादशहाचं. ज्या शाह आलमला महादजी शिंद्यांनी गादीवर आणून बसवलं, त्याच्या नावाचा रुपया मराठी मुलखात चालायचा. कंपनी सरकारही १८३५ पर्यंत हेच करत होतं. सत्ता आपली असली तरी बाजाराचा भरवसा त्या जुन्या नावावर होता, म्हणून नाव उसनं घेतलं. आणि शिवराई? राज्य गेलं तरी ती खेड्यापाड्यांत चालतच राहिली. तिच्यामागे उभं राहायला सरकार उरलं नव्हतं, तरी पुढचा घेत होता.

१९९६ पासून रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर गांधीजी आहेत. कुठल्या पंतप्रधानांचा किंवा अर्थमंत्र्यांचा फोटो नाही, हे शहाणपणच. सेवाग्राम इथून पंचाहत्तरेक किलोमीटरवर. कुठलंही सरकारी पद न घेतलेल्या माणसाचा चेहरा तुम्ही उसना घेतलाय, हे विसरू नये इतकंच.

संविधान चौकातून जाताना आणखी एक गोष्ट दर वेळी दिसते. रिझर्व्ह बँकेसमोर बाबासाहेबांचा पुतळा आहे. आमच्याकडे त्या पुतळ्याला हार घालणारे लाखो आहेत, पण त्यांनी १९२३ मध्ये लंडनला रुपयाच्या प्रश्नावर आख्खा ग्रंथ लिहिला हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असतं. तेव्हाच्या इंग्रज सरकारनं रुपया सोन्याला थेट न बांधता विनिमयाच्या आडून सांभाळायची पद्धत ठेवली होती. केन्ससारखे अर्थशास्त्री तिची बाजू घेत होते. बाबासाहेबांचा आक्षेप असा की या पद्धतीत किती रुपये काढायचे ते सरकारच्या मर्जीवर राहतं, आणि मर्जी बिघडली की भाव चढतात आणि रुपयाची खरी किंमत उतरते. ते चलन काढणाऱ्याच्या हाताला कुलूप मागत होते. २०१६ मध्ये फोनवर फिरत होतं की दर दहा वर्षांनी नोटा बदला असं बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. ग्रंथात मला तरी तसं वाक्य सापडलं नाही. पण सरकारच्या हुकमाला त्यांचं नाव जोडलं की तो पटतो, हे ज्यानं कुणी तो मजकूर लिहिला त्याला बरोबर ठाऊक होतं. बादशहाच्या नावाच्या रुपयाचीच ही युक्ती.

बाजारात आता पर्याय आहे. त्याच बाईच्या पाट्यांमागे कोड लावलेला आहे आणि एक डबा आहे, पैसे पोचले की बोलतो. त्या डब्यावर तिचा नाण्यापेक्षा जास्त विश्वास आहे. डबा खासगी कंपनीचा, नाणं सार्वभौम सरकारचं. डिसेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपयाही किरकोळ व्यवहारांसाठी प्रयोगात आहे, आणि तो कुठे, कशासाठी, कधीपर्यंत खर्च करायचा हे आधीच ठरवून देता येईल अशी सोयही त्यात करून पाहिली जातेय. खताच्या अनुदानाला ती उपयोगी पडेल, नाही म्हणत नाही. पण दहाच्या नाण्याला आजवर कुणी विचारलं नाही की मी तुझ्याकडून मेथी घेऊ की तंबाखू. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला नाण्याचा तो मुकेपणा आवडतो.

आता मागणं. पत्रक पुन्हा काढू नका. पत्रकं बाजारात पोचत नाहीत आणि पोचली तर त्यांत भजी बांधली जातात. इंग्रजांनी रुपया खेडोपाडी कसा नेला ते आठवा: शेतसारा रोखीत भरा म्हणाले, आणि कास्तकाराला रुपया शोधत सावकाराच्या दारात जावं लागलं. वाईट रीतीनं का होईना, गोष्ट खरी होती. सरकार स्वतःच्या खिडकीवर जे घेतं ते चालतं. म्हणून पोस्टात, रेल्वेच्या तिकीट खिडकीवर, रेशन दुकानात, घरपट्टीच्या आणि वीज बिलाच्या काउंटरवर दहाची नाणी घ्यायला लावा, आणि तिथूनच सुटे म्हणून परत द्यायलाही लावा. शहर बसच्या कंडक्टरच्या बॅगेत ती खुळखुळू द्या, त्यासाठी हवं तर राज्याशी आणि महापालिकेशी बोला. दोन महिने हे झालं की आडत्याला सांगायला कुणी जावं लागणार नाही.

बँकांनाही सांगा. पण त्यांच्यावर एकट्यांवर खापर फोडू नका, कारण करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे रोकड ठेवायच्या कोठारात, नाण्यांच्या पिशव्या ठेवायला जागा नसते आणि मोजायला माणूस नसतो. मी स्वतः चिल्लर घेऊन आलेल्या पानठेलेवाल्याला "सोमवारी या" म्हणून परत पाठवलंय. सोमवारी तो आला नाही. त्याच्याकडची ती पिशवी मग कुठल्या दुकानातून कुठल्या दुकानात परत आली असेल आणि शेवटी कुणी म्हणालं असेल की हे चालत नाही, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

माझ्याकडे फराळाच्या जुन्या डब्यात दहाची चौसष्ट नाणी साठली आहेत. सहाशे चाळीस रुपये, म्हणजे कायद्याच्या हजारात बसतात. चांदणीची, चौकटीची, दहा रेघांची, पंधरा रेघांची, सगळी आहेत. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत दिल्लीहून नागपूरला येणं झालं तर एखाद्या बुधवारी सक्करदऱ्याला या. मेथी तेव्हा स्वस्त असते. नाणं मी देतो, भाजी तुम्ही घ्या. ती बाई बाजाराच्या उजव्या हाताला, लिंबाच्या झाडाखाली बसते.

कळावे,
एक निवृत्त कॅशिअर
नागपूर