मोठा पंखा लावला म्हणजे बोट पळते असं नसतं

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत शिडाच्या बोटींवर छान पान केलं होतंत, गेटवेसमोर मुरिंगवर डुलणाऱ्या बोटींचे फोटो तर एकदम मस्त, पण खालच्या चौकटीत ‘प्रोपेलर जितका मोठा तितका स्पीड जास्त’ असं जे छापलंय ते वाचलं आणि हातातला चहा तसाच गार झाला. नेमक्या ह्याच समजुतीपायी माझा एक अख्खा सीझन बोंबलला होता, म्हणून लिहितोय.

माझी बोट सव्वीस फुटी, सेकंडहँड, आत १८ हॉर्सपॉवरचं दोन सिलिंडरचं डिझेल. जुन्या पंख्याचं, म्हणजे प्रोपेलरचं, पातं कानशीने खरवडलं तर आत चक्क गुलाबी, म्हणजे पितळातलं जस्त समुद्राने खाल्लेलं, बदलायलाच हवा होता. दुकानदाराने (नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही) बोटीची लांबी विचारली, हॉर्सपॉवर विचारली आणि तीन पात्यांचा १५ बाय १० काढून दिला, म्हणे सगळे हाच नेतात. गिअरबॉक्सचा रेशो किती, म्हणजे मशीनचे किती फेरे झाले की पंख्याचा एक फेरा होतो, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, दोघंही शहाणे!

बंदरात हळूहळू चालवताना सगळं गोड. खरा तमाशा मांडव्याहून परत येताना झाला, उधाणाची ओहोटी समोरून येत होती, थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला तरी मशीन मिनिटाला २६०० फेऱ्यांच्या वर जाईना, मागे काळा धूर, बोटीची मागची पांढरी बाजू काजळीने माखलेली, टेंपरेचरचा काटा वर. शेवटी थ्रॉटल कमी केला आणि दीड तासाचं अंतर तीन तासात काढलं. ह्या मशीनच्या पाटीवर ३६०० लिहिलंय, म्हणजे फुल थ्रॉटलला तेवढे फेरे मिळालेच पायजेत. ते मिळत नसतील तर पंखा मशीनला झेपत नाहीये, साधं आहे. उलट सहज ३६०० च्या पुढे पळत असेल तर पंखा लहान. हळू चालवताना कळत का नाही तर पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते, अर्ध्या फेऱ्यांवर ती जेमतेम आठवा हिस्सा असते, त्यामुळे बंदरात कुठलाही पंखा चालतो आणि दुकानदार ‘चालतंय ना?’ म्हणायला मोकळा.

आता हिशोब सांगतो, पोराच्या वहीत बसून केलाय. १५ बाय १० मधला १५ म्हणजे पंख्याचा व्यास इंचात आणि १० म्हणजे पिच, म्हणजे स्क्रू जसा लाकडात शिरतो तसा पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढे जाईल ते. पाणी काय लाकूड नाही, घसरतं, शिडाच्या बोटीला ४५ टक्के घसरण धरायला हरकत नाही. माझ्या बोटीची पाण्यातली लांबी २२ फूट, तिचं वर्गमूळ गुणिले १.३४ केलं की सव्वासहा नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), ह्याच्या पुढे अशी जड पोटाची बोट जात नाही, कितीही ताकद लावा, नुसती मागे बसते. मग ६ नॉट धरले, म्हणजे मिनिटाला साधारण ७२९० इंच. माझा गिअर २ ला १, म्हणजे शाफ्टला (पंखा बसतो त्या दांड्याला) १८०० फेरे, भागाकार ४ इंच, घसरण धरून साडेसातच्या आत. म्हणजे पिच हवी ७ ते ८. आणि गिअर २.६ चा असता तर शाफ्ट १३८५ वर फिरला असता आणि पिच आली असती साडेनऊ-दहा. म्हणजे दुकानदाराचा १५ बाय १० चुकीचा नव्हताच, तो दुसऱ्या गिअरबॉक्सचा होता! एवढंच रामायण.

व्यास मात्र हिशोबाआधी बोटीलाच विचारायचा. पातं आणि त्याच्या वरचा बोटीचा तळ ह्यांच्यात व्यासाच्या १० टक्के तरी फट पायजे, १५ असेल तर उत्तम. ओहोटीला बोट गाळावर टेकलेली असताना पोराची शाळेची पट्टी घेऊन गेलो, गुडघाभर चिखलात उभं राहून मोजलं, वरती जेमतेम अंगठा जात होता. सीटखाली जी घरघर यायची ती ह्याचीच असणार.

शेजारी एक नाखवा जाळं सुकवत होते, त्यांनी पंखा बघून एकच विचारलं, ‘जालं वढायचंय काय तुला?’ ट्रॉलरला ओढायचं असतं म्हणून तिथे मोठा आणि हळू फिरणारा पंखा लागतो, त्यांचं बरोबर आहे, पण आपण तो बघून नक्कल करायची नाही.

मग दोन पात्यांचा १३ बाय ८ घेतला, मशीन ३४०० ला अडकलं, वर्कशॉपमधून एक इंच पिच उतरवून घेतली, तेव्हा ३६०० च्या थोडं वर गेलं. ते थोडं वर मुद्दाम ठेवलंय, मुंबईच्या पाण्यात दोन महिन्यात तळाला शिंपल्या धरतात आणि फेरे आपोआप उतरतात. मोजायचं पण तळ घासून, पाणी थांबलेलं असताना, डिझेल आणि माणसं भरून, आणि बोटीतल्या मीटरवर विसंबून नाही. माझं मीटर २०० जास्त दाखवायचं, मशीनच्या पुलीला चमकणारी पट्टी चिकटवून हातातल्या डिजिटल टॅकोमीटरने बघितलं तेव्हा कळलं. (वर लिहिलेले २६०० पण मीटरवरचेच, म्हणजे खरे २४००!)

दोन पातीच का, तर शिडावर जाताना ती उभी करून कीलच्या, म्हणजे बोटीच्या तळाखालच्या उभ्या कण्याच्या, आड लपवता येतात, तीन पाती काय करणार, एक तरी बाहेर राहणारच. पाती उभी असतील त्या जागी मी आत कपलिंगवर (शाफ्ट गिअरबॉक्सला जोडतो तिथे) बायकोच्या लाल नेलपॉलिशची खूण केलीय. शाफ्ट तसा लॉक करायचा की फिरू द्यायचा हे मात्र गिअरबॉक्सच्या पुस्तकात बघा, प्रत्येकाचं वेगळं असतं. आणि घेताना पंखा उजवा की डावा, म्हणजे कुठल्या बाजूला फिरणारा, हे विचारा, नाहीतर गिअर पुढे टाकाल आणि बोट मागे.

तेव्हा साहेब, ती चौकट दुरुस्त करून परत छापा, आणि जमलं तर गिअरबॉक्सवरच्या रेशोच्या पाटीचा एक फोटो पण टाका. माझी पाटी रंगाच्या तीन थरांखाली होती.

– एक वाचक, माझगाव, मुंबई