तांब्यावरचा दाखला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘मूळ पुणेकर कोण’ यावर आपल्या पत्रसदरात चाललेला वाद रोज वाचते. वय ७१, सासर-माहेर दोन्ही तांबट आळीतलं, तेव्हा दोन ठोके मीही घालते.

माझ्या नातवाने परदेशात थुंकीची तपासणी करून घेतली. पूर्वज कुठले ते कळतं म्हणे. उत्तर आलं, ‘दक्षिण आशिया’. एवढं आजीने फुकट सांगितलं असतं! आमच्या घरात सांगत आले ते असं, की आमची माणसं पेशवाईत कोकणातून घाट चढून आली, हंडे-घंगाळं घडवायला. लहानपणी दारोदार मठारकाम, म्हणजे भांडी ठोकून घडवणं, चाले. ठोके थांबले की आम्हा पोरांना झोपेतून जाग यायची.

म्हणजे आम्ही काही मूळचे नव्हे. मग कोण? कागदीपुऱ्यातले कागदी? सोमवारातले, उत्तरेकडून आलेले सावकार गोसावी? कसब्यातली पाटील-कुणबी घराणी तरी मूळची, असं कुणी म्हणेल. असतीलही. पण १६३०च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळून गाढवाचा नांगर फिरवला, तेव्हा गाव ओसच पडलं. पुढे जिजाऊंनी ते वसवलं. त्यात परतलेला कोण नि नवा कोण, हे आता कुणी निवडावं?

सर्वांत जुना पुरावा मात्र आमच्या धातूवर आहे, हे सांगताना थोडी ऐट येते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ.स. ७५८च्या ताम्रपटात ‘पुण्यविषय’ आहे, ७६८च्या ताम्रपटात ‘पूनकविषय’; ‘विषय’ म्हणजे तेव्हाचा प्रांत. असल्या पटांवर दान देणारा राजा असतो, घेणारा असतो. पत्रा ठोकून सपाट करणाऱ्याचं नाव सहसा नसतं. तो कुठला होता कोण जाणे, पण आमच्यातलाच वाटतो.

त्याचं नाव गेलं, निदान आळ्यांची तरी राहू द्या. कोण कशासाठी इथे आलं ते त्यांत लिहिलेलं आहे : भोई आळी, कुंभारवाडा, व्यवहार आळी. आमचा वाडा पाडून इमारत झाली, तेव्हा बिल्डरने पत्त्यातली आळी काढून एक इंग्रजी नाव चिकटवलं. महापालिकेने नव्या इमारतीच्या पाटीवर जुन्या आळीचं नाव सक्तीचं करावं.

परवा कुरिअरवाला पोरगा विचारत होता, ‘आजी, तांबट आळी कुठे आली?’ आळीतच उभा होता.

— एक तांबटीण, कसबा पेठ, पुणे