समुद्र बंद, टार्गेट चालू : कामगारमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

मी सिंधुदुर्गात बिस्किटं विकतो. मालवण, आचरा, देवगड अशी बीटं, म्हणजे विक्रीच्या ठरलेल्या फेऱ्या, आहेत. दिवसाला चाळीस दुकानं करायची, ऑर्डर मोबाइलवर टाकायची आणि रात्री दहाला साहेबांना फोनवर हिशेब द्यायचा. सात वर्षं हेच करतोय. कामाबद्दल माझी तक्रार नाही, दुकानदारांशी माझं घरच्यासारखं आहे.

तक्रार टार्गेटची आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या, खलाशी आपापल्या गावी गेलेले, दुकानात नुसती उधारीची वही. मे महिन्यात चाकरमानी येतात तेव्हा आमच्याकडे माल पुरत नाही. पण जुलैचं टार्गेट येतं ते मेच्या आकड्यावर दहा टक्के चढवून. हे सांगितलं तर उत्तर मिळतं, "पाऊस काय तुमच्याकडेच पडतो का?" साहेब तीन वर्षांत दोनदा बीटवर आले, दोन्ही वेळा डिसेंबरात. ग्रुपवर रोज रात्री मागे पडलेल्यांची नावं लाल रंगात येतात. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. एकदा तिने ती यादी वाचली आणि विचारलं, "बाबा, तुमचं नाव लाल का?"

गेल्या वर्षी जुलैच्या शेवटच्या दिवशी मला सहा बॉक्स कमी पडत होते. संध्याकाळी आचऱ्याजवळच्या एका दुकानात गेलो. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, रेनकोटमधून पाणी आत शिरलेलं. दुकानातल्या काकींनी पुसायला पंचा दिला नि म्हणाल्या, "भिजलंस मा रे झिला. ठेव दोन बॉक्स, पण ह्या पावसात खपाचे नाय हां." खपणार नाहीत हे मलाही ठाऊक होतं, तरी मी ठेवले. गणपतीनंतर गेलो तर ओल लागून पुडे मऊ पडलेले. माल परत घेतला आणि त्याचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले. त्या बाईने माझ्यावर दया केली, तिला फसवल्यासारखं मला आजही वाटतं.

मंत्रीमहोदय, कायदा नाही असं नाही. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींसाठी 1976 साली कायदा झाला, 2011 मध्ये तो बिस्किटं, साबण, शीतपेयं अशा धंद्यांनाही लागू केला. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता आल्या. त्यांत नेमणूकपत्र सक्तीचं आहे. नोकरी सुटली की दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा आहे. मालाचं नुकसान पगारातून कापायचं तर ते कामगाराच्या चुकीने झालेलं असायला हवं आणि आधी त्याचं म्हणणं ऐकायला हवं. मला कुणी काही विचारलं नाही, पगार कमी आला तेव्हाच कळलं.

दाद मागायची तर कोणाकडे? टार्गेट कंपनीचं, माल वितरकाचा, आणि पगार तिसऱ्याच एका एजन्सीकडून. कंपनी म्हणते तू आमचा नाहीस, एजन्सी म्हणते टार्गेट आम्ही देत नाही. नेमणूकपत्र मी अजून पाहिलेलं नाही. माझ्याबरोबरचा एक मुलगा गेल्या वर्षी सोडून गेला, त्याचा दोन महिन्यांचा इन्सेंटिव्ह अजून अडकलाय. चकरा मारून तो थकला आणि आता गोव्यात हॉटेलात कामाला आहे.

माझी मागणी एवढीच. आपल्या खात्याचे अधिकारी कारखान्यात जातात तसे कुडाळ, कणकवली, रत्नागिरी, चिपळूणच्या वितरकांच्या गोदामांवर पाठवा. सकाळी नऊला पाठवा, तेव्हा आम्ही सगळे तिथे असतो. प्रत्येकाकडे नेमणूकपत्र मागा, पगाराची पावती मागा, कपात कशाची ते विचारा. टार्गेट देणाऱ्या कंपनीलाच आमच्या पगाराला जबाबदार धरा. आणि चौकशी साहेबांच्या समोर नको, एकेकट्याला बाजूला घेऊन करा. समोर कोणी बोलणार नाही, मीसुद्धा नाही. म्हणूनच खाली नाव लिहीत नाही.

आपला,
सिंधुदुर्गातला एक सेल्समन