शिंजिराचं ऐकवलंत, त्याबद्दल

मॅडम, सप्रेम नमस्कार.

“माणसांचं ऐकू येतं हो, पक्ष्यांचं येत नाही,” अशी तक्रार घेऊन आलेला म्हातारा आठवतोय का? तो मी.

तुमच्याआधी जिथे गेलो, तिथे या वाक्यावर चक्क हसले. “काका, या वयात पाखरं ऐकून करायचंय काय?” बोलणं समजतंय ना, मग झालं, म्हणून रिपोर्ट हातात ठेवला. कान तपासणाऱ्यांनाच ऐकून घ्यायला वेळ नसावा, याला काय म्हणावं!

वयानुसार वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, हेही तिथे कुणी धड सांगितलं नाही. माझं तेच झालं होतं: कोकीळ ऐकू यायचा, तांबटाची टुकटुक यायची, भारद्वाजाचा घुमणारा हूप-हूपसुद्धा. पण शिंजीर समोरच्या फांदीवर पंख थरथरवत, चोच उघडून गातोय आणि मला काहीच नाही! बहिरं व्हायचंच तर सगळ्या पक्ष्यांना सारखं तरी व्हावं, असं वाटायचं.

तुम्ही हसला नाहीत. “कोणता पक्षी?” एवढंच विचारलंत. कानाचं मशीन मुळात बोलणं ऐकण्यासाठी केलेलं असतं, बारीक शीळ आली की ती आपलीच शिट्टी समजून ते दाबून टाकू शकतं, हे मला तुमच्याकडूनच कळलं. मग संगणकावर काय खटपट केलीत, तुमचं तुम्हाला ठाऊक.

मला आठवतं ते पुढचं. तुम्ही एसी बंद केलात, खिडकी उघडलीत आणि माझ्याशेजारी नुसत्या बसून राहिलात. बाहेर पेशंट ताटकळलेले. आधी बुलबुल बोलला, तो मला तसाही येतो. तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नाहीत. आणि मग ती भरभर, बारीक च्विट-च्विट! माझ्या तोंडाकडे बघून तुम्हीच विचारलंत, “हाच का तो?” “रोज खिडकीशी गातो आणि मी आज पहिल्यांदा ऐकला,” म्हणालात.

हुशार माणसं पुष्कळ भेटतात. दुसऱ्याचं वेड आपल्याला क्षुल्लक वाटलं तरी त्याचा मान राखणारी थोडी.

आता दयाळ पक्षी पहाटे सुरू होतो, म्हणून उठल्याबरोबर आधी मशीन चढवतो, मग चष्मा. बायको म्हणते, “मी हाका मारते तेव्हा कुठे असतं हे मशीन?” यावर काही सेटिंग असेल तर कळवा.

तुमचा ऋणी,
शिंजीरवाले काका