लाकडी पेनांसाठी नेमका प्रेस हवा

महोदय,

लेथवर शिसवीची पेने घडवणाऱ्या आमच्यासारख्या हौशी कारागिरांचे काम बहुधा शेवटच्या दाबाला, म्हणजे लाकडाच्या आतल्या पितळी नळीत पेनाचे सुटे भाग दाबून बसवताना फसते, कारण व्हाइसमध्ये (घट्ट पकडणाऱ्या शिकंजात) ती 7 मिलिमीटरची नळी किंचित तिरकी धरली गेली, तरी मेहनतीने घासून चकचकीत केलेले लाकूड कडेला तडकते. हे भाग दाबून बसवणाऱ्या आदर्श यंत्राचे, म्हणजे प्रेसचे दोन्ही दट्टे एकाच रेषेत समोरासमोर यावेत, त्यांच्या तोंडांवर नायलॉन असावे आणि रिफिल आत-बाहेर करणारी फिरकीची यंत्रणा नळीत नेमक्या खोलीवर थांबावी म्हणून बारीक आट्यांचा स्टॉपर असावा. ती जास्त आत गेली, तर रिफिल मिटल्यावरही टोक बाहेरच राहते. (फार लांब दांडा नकोच, हाताला दाबाचा अंदाज येत नाही.) सातपूर-अंबडमधील एखाद्या लघुउद्योजकाने असा प्रेस बनवावा.

– एक वाचक, सिडको, नाशिक