ऑपरेशनच्या आधी आवाज मोजून ठेवा हो

संपादक साहेब, नमस्कार,

मी शाळेत शिकवते, मागच्या वर्षी स्वरतंतूवर पॉलिप म्हणजे छोटी गाठ निघाली म्हणून ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाहीच, पण आवाज नक्की किती सुधारला असं कोणी विचारलं की मला सांगता येत नाही, कारण आधीचा आवाज कोणी मोजलाच नव्हता! दुर्बिणीतून गाठ बघितली, फोटो दिला, झालं.

नंतर स्पीच थेरपिस्टकडे गेले तेव्हा कळलं की मोजायला फार काही लागत नाही. एका श्वासात 'आ' किती सेकंद टिकतो ते घड्याळ लावून तीनदा बघायचं, सर्वात जास्त वेळ लिहून ठेवायची. मग घोगरेपणा, हवा सुटणं, ताण अशा पाच गोष्टींना ऐकून ० ते ३ मार्क द्यायचे, त्याला ग्रबास म्हणतात. शिवाय पेशंटने स्वतः भरायचा ३० प्रश्नांचा फॉर्म असतो, एकूण १२० मार्क, जितके जास्त तितका त्रास जास्त. आणि प्राट नावाचं सॉफ्टवेअर तर फुकट आहे, जिटर शिमर म्हणजे आवाजातली थरथर ते आकड्यात दाखवतं. फक्त ऑपरेशनच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळेस खोली शांत हवी आणि माइकचं अंतर तेच हवं, नाहीतर तुलना कशाशी करणार?

शिक्षक, गायक, कीर्तनकार, भाजीवाले, आमचं पोटच आवाजावर आहे. आरोग्य खात्याने सरकारी हॉस्पिटलात तरी हे ऑपरेशनच्या आधी आणि नंतर सक्तीचं करावं ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका